वाजवी झीज

पाहुणे येणार असले की आपण घर सजवतो. घरमालक येणार असला की घर लपवतो. ज्यांनी भाड्याच्या घरात कधी संसार केला नाही त्यांना या दोहोंतला फरक कळायचा नाही, आणि ज्यांनी केला आहे त्यांना तो समजावून सांगायला नको. पाहुण्यांसाठी नवी चादर निघते, काचेचे कप निघतात. मालकासाठी काही निघत नाही, सगळे आत जाते. दोरीवरचे कपडे आत जातात, दाराआडची सायकल गच्चीवर जाते, स्पर्धा परीक्षेसाठी येऊन राहिलेला मेहुणा वाचनालयात जातो. मुलाने भिंतीवर पेन्सिलीने काढलेल्या आगगाडीपुढे कपाट सरकते. गेल्या दिवाळीत आकाशकंदिलासाठी मारलेला खिळा उपटून त्या भोकात टूथपेस्ट भरली जाते. मग घरातली बाई दारात उभी राहून मालकाच्या नजरेने एकदा सगळे घर पाहते. स्वतःचे घर परक्याच्या नजरेने पाहण्याचा हा क्षण भाडेकरूच्या वाट्याला वर्षातून एकदोनदा तरी येतोच.

मराठीत भाडेकरूच्या संसाराला ‘बिऱ्हाड’ असा नेमका शब्द आहे. घर मालकाचे, बिऱ्हाड आपले. पुण्याच्या वाड्यांत भाडेकरूला बिऱ्हाडकरूच म्हणत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हणही आहे. पण विंचवाला कालनिर्णय टांगायचे नसते, देव्हारा बसवायचा नसतो, की लेकीच्या शाळेचा बिल्ला अडकवायला खिळा लागत नाही. माणसाला हे सगळे लागते, आणि ते दुसऱ्याच्या भिंतीवर लागते. मालकाच्या भेटीची सारी धांदल या साध्या गोष्टीतून निघते.

मी १९८४ ते २०२० अशी छत्तीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. त्यांतली बहुतेक वर्षे बदल्यांत गेली आणि बदल्यांनी मला नऊ घरांत फिरवले. बँकेच्या अधिकाऱ्यासाठी बँकच घर भाड्याने घेई. करार बँक आणि मालक यांच्यात होई, भाडे परस्पर मालकाच्या खात्यावर जमा होई आणि अधिकारी आपले बिऱ्हाड घेऊन त्यात राही. पुढे शाखाधिकारी झाल्यावर इतरांच्या घरांचे करारही माझ्या टेबलावरून गेले. मसुदा इंग्रजीत असे आणि त्यात एक अट हमखास असे: मुदत संपल्यावर जागा ज्या स्थितीत घेतली त्याच स्थितीत परत करावी, वाजवी झीज वगळून. कर्जरोखे, गहाणखते, हमीपत्रे मी हजारोंनी वाचली. पण ‘वाजवी झीज’ इतके माणुसकीचे शब्द दुसऱ्या कुठल्या दस्तऐवजात मला भेटले नाहीत.

हे शब्द कुणा दयाळू वकिलाला सुचलेले नाहीत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये, भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. त्याने जागा चांगल्या स्थितीत ठेवावी आणि तशीच परत करावी; मात्र वाजवी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती यांमुळे झालेले बदल त्याच्या माथी मारू नयेत. त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की, मालकाला वाजवी वेळी आत येऊन जागेची स्थिती पाहू द्यावी. म्हणजे मालकाची भेट आणि भाडेकरूची झीज ही दोन्ही एकाच कलमाच्या एकाच वाक्यात शेजारीशेजारी नांदत आहेत. कायद्याने मालकाला पाहण्याचा हक्क दिला, तो ‘माणूस राहील तिथे झीज होणारच’ हे मान्य करून. आपण मात्र पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो.

झीज कशाला म्हणायचे, हे मला गावांनी शिकवले. प्रत्येक गाव घराला आपल्या पद्धतीने झिजवते. रत्नागिरीला जांभ्याच्या भिंतींचे कौलारू घर होते. जून लागला की भिंती ओल धरत, चुन्याचे पापुद्रे सुटत आणि चार महिने घरातल्या घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवावे लागत. दोऱ्या म्हटल्या की खिळे आले. नागपूरला उन्हाळा आला की खिडकीत कूलर बसे. त्याच्या पाण्याचे ओघळ खिडकीखालच्या भिंतीवर उतरत, लोखंडी स्टँडचा गंज फरशीवर चार तपकिरी ठिपके सोडून जाई. नांदेडला पाणी साठवायला पिंप ठेवावे लागे. पिंप उचलले की खाली पांढरे वर्तुळ. मुंबईत वरच्या मजल्यावरची मोरी आमच्या छतावर एखाद्या देशाचा नकाशा काढी आणि त्या देशाच्या सीमा दर पावसाळ्यात वाढत जात. यांपैकी कशालाही भाडेकरूचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. कोकणात कपडे वाळवणे आणि नागपुरात मे महिन्यात जिवंत राहणे याला निष्काळजीपणा कोण म्हणेल?

आता गंमत अशी की, मालक येण्याच्या आदल्या दिवशी भाडेकरूला परस्परविरोधी दोन कामे एकदमच करावी लागतात. आपण घराला दिलेली झीज लपवायची आणि घराने आपल्याला दिलेला त्रास ठळक दाखवायचा. कूलरचे ओघळ ब्रशने घासून काढायचे, पण मोरीतला गळका नळ मुद्दाम गळता ठेवायचा. खिळ्याचे भोक बुजवायचे, पण छताचा पोपडा हात न लावता तसाच राखायचा. ओल आलेल्या भिंतीवर आपण वर्षभर कॅलेंडर लावून ती झाकलेली असते. त्या दिवशी कॅलेंडर काढायचे की ठेवायचे, यावर नवराबायकोत चर्चा झडते. काढावे तर ओल दिसेल, पण खिळाही दिसेल. ठेवावे तर खिळा झाकेल, पण तक्रारीचा पुरावाही झाकला जाईल. साक्षीदार आणि आरोपी एकाच भिंतीवर उभे असतात.

एवढे करूनही भेटीत नेमके उलटेच घडते. मालक ओल पाहून म्हणतो, “पाऊस फार झाला हो यंदा.” आणि बुजवलेल्या खिळ्यावर बोट ठेवून विचारतो, “इथे काय होतं?”

मालकाची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याची पातळी १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर यावे लागू नये, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण दशके उलटली, सिमेंट, चुना, गवंड्याची मजुरी सगळे वाढले आणि भाडे जागच्या जागी राहिले. मग मालकाने दुरुस्ती सोडून दिली. १९७३ मध्ये कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’ने जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. कित्येक मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: आत आलेला माणूस बाहेर जात नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाली असल्याचे सांगितले. विदर्भ आणि मराठवाड्यात तोवर वेगळे भाडेनियम होते. ते आणि मुंबईचा जुना कायदा मोडीत काढून सगळ्या राज्यासाठी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली.

या इतिहासामुळे माझ्यासारख्या बँकवाल्याला घर मिळायला कधी अडचण पडली नाही. आमचे भाडे बुडत नसे आणि बदलीचा माणूस म्हणजे जाणारा माणूस. नागपूरच्या आमच्या घरमालकीणबाई हे तोंडावर सांगत. त्या विधवा होत्या, मुलगा परगावी होता. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या सुमारास, त्या घर पाहायला येत. आमच्या घरी त्याआधी दोन दिवस घासपूस चाले. पण बाईंनी ना कधी फरशीवरचे गंजाचे ठिपके मोजले, ना खिळे. त्या थेट आतल्या खोलीच्या दारापाशी जात, सागवानी चौकटीवर हात फिरवत आणि एका जागी थांबत. तिथे लाकडात एक गाठ होती. एकदा माझ्या पत्नीने विचारले, “काकू, तिथे काही बिघडलंय का?” त्या म्हणाल्या, “नाही गं. सुताराने ही फळी वापरू नये म्हणून हे त्याच्याशी भांडले होते. वापरलीच त्याने शेवटी.” मग चहा घेऊन त्या गेल्या. बाई आमची झीज पाहायला येतच नव्हत्या. आयुष्याच्या कमाईतून नवऱ्याने उभे केलेले घर आता भाड्यापुरतेच आपले उरले होते, त्याला भेटायला येत होत्या. भाडेकरूने घर कितीही लख्ख केले तरी अशा भेटीची तयारी त्याला करता येत नाही. एक पाट द्यावा, चहा द्यावा आणि थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जावे.

पण सगळ्या भेटी अशा नसतात, आणि सगळी लपवाछपवी टूथपेस्टने भागत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझा एक सहकारी होता. हिशेबात चोख, बोलण्यात मृदू. गावात त्याला घर मिळायला चार महिने लागले, कारण आडनाव ऐकले की खोली ‘कालच गेली’ असे उत्तर मिळे. अखेर बँकेच्या नावावर एक घर मिळाले. बैठकीच्या खोलीत त्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर लावली होती. मालक यायचा असला की हा ती उतरवून कपड्यांत गुंडाळून पेटीत ठेवी आणि खिळ्याला बँकेचे कॅलेंडर अडकवी. पण तसबीर मोठी होती आणि कॅलेंडर लहान. चुन्याचा रंग भोवताली मळला होता आणि तसबिरीच्या जागी मूळचा स्वच्छ राहिला होता. कॅलेंडरच्या चहूबाजूंनी तो पांढरा चौकोन दिसत राही. “तेवढी एक जागा काही केल्या लपेना,” असे तो सांगे. पुढे त्याने स्वतःचे घर बांधले. सामानाचा टेम्पो यायच्या आधी, हातोडी आणि एकच खिळा घेऊन तो रिकाम्या घरात गेला. त्या घरातली पहिली ठोकाठोक कशासाठी झाली, हे सांगायला नको.

भाड्याच्या घराच्या स्वच्छतेमागे काय काय दडलेले असते, हे तो पांढरा चौकोन मला दाखवून गेला. कुणी मालक येण्याआधी मासळीच्या वासासाठी उदबत्त्या लावतो. कुणी अंड्यांची टरफले वर्तमानपत्रात बांधून दोन गल्ल्या पलीकडच्या कचराकुंडीत टाकून येतो. एकटी राहणारी मुलगी दाराबाहेरच्या चपला मोजून आत घेते. मुसलमान तरुण घर बघायला जातो तेव्हा आधी नाव सांगावे की आधी पगार, याचा विचार करतो. यात झीज कुठे आहे? वास जातो, टरफले जातात. भिंतीला त्याने तडा जात नाही. तरी ही माणसे जे लपवतात ते घराला झालेले नुकसान नसते, ते स्वतःच असतात. घर भाड्याने देताना मालक भिंती देतो आणि त्यांचे भाडे घेतो. आत राहणाऱ्याच्या ताटावर आणि भिंतीवरच्या तसबिरीवर त्याचा हक्क कोणत्या करारात लिहिला आहे? मी तरी असा करार पाहिलेला नाही. आणि मी पुष्कळ पाहिले आहेत.

आज काळ बदलला असे म्हणतात. बदलला आहे, पण भेटीचे रूप तेवढे बदलले आहे. पुण्यात, ठाण्यात, हिंजवडीच्या बाजूला अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार संगणकावर नोंदवला जातो. मालक कधी दुबईत असतो, कधी न्यू जर्सीत, आणि एजंट मोबाइल हातात धरून त्याला घर दाखवत फिरतो. पूर्वी मालकाची नजर चष्म्यातून येई, आता ती व्हॉट्सअ‍ॅपवरून येते आणि त्या नजरेला चहा देता येत नाही. माझ्या ओळखीतली नोकरी करणारी मुले मालकाच्या भेटीपेक्षा अनामत रकमेला भितात. बंगळुरात दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घेण्याची पद्धत रूढ झाली होती, त्यामुळे तिथून आलेल्यांची भीती जरा जास्तच. घर सोडताना रंगाचे इतके, साफसफाईचे इतके, खिळ्यांचे इतके, अशी वजावट होते, आणि ‘वाजवी झीज’ हे शब्द करारात असले तरी कुणाच्या ओठांवर येत नाहीत.

इथे माझ्यातला निवृत्त अधिकारी दोन गोष्टी सांगू पाहतो. पहिली हिशेबाची. बँकेच्या ताळेबंदात प्रत्येक इमारतीवर, प्रत्येक खुर्चीवर घसारा लावलेला असतो. वस्तू वापरली की तिची किंमत उतरते, हे गृहीत धरूनच हिशेब मांडला जातो. खुर्ची झिजली म्हणून कारकुनाच्या पगारातून कापत नाहीत. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकर आकारतानाही सरकार मालकाला वार्षिक मूल्याच्या ३० टक्के रक्कम सरसकट वजा करू देते. दुरुस्तीची एक पावतीही मागत नाही. याचा अर्थ, घर झिजणार आणि त्यावर खर्च होणार, हे सरकारने आधीच मान्य करून त्याची सूट मालकाच्या पदरात टाकलेली आहे. तीच झीज भाडेकरूच्या अनामतीतून पुन्हा वसूल करणे म्हणजे एकाच व्हाउचरवर दोनदा पैसे उचलणे. बँकेत याला काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट तपासणीची. शाखेत इन्स्पेक्शन येई तेव्हा आमचीही धांदल उडे. पण त्या तपासणीला एक रीत होती. इन्स्पेक्टर जे पाही ते कागदावर उतरे, त्याखाली शाखेला आपले म्हणणे मांडायला जागा असे, आणि दुरुस्ती झाली की तसे लिहून द्यावे लागे. त्यात भीती होती, पण अपमान नव्हता, कारण काय पाहिले जाणार आणि काय नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. घरमालकाच्या भेटीला अशी रीत का नसावी? १९९९ च्या कायद्यानेही मालकाला जागा पाहण्याचा हक्क दिला आहे, तो वाजवी वेळी आणि आगाऊ सूचना देऊन. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसमोर ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर ही सूचना २४ तास आधी द्यावी, सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर येऊ नये आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, असे स्पष्टच म्हटले आहे. हा आदर्श कायदा आपोआप लागू होत नाही, राज्याने तसा कायदा करावा लागतो. पण शहाण्या मालकाला आणि शहाण्या भाडेकरूला त्यातली रीत आजच पाळायला कुणाची हरकत आहे?

रीत अगदी साधी आहे. ज्या दिवशी किल्ली हातात येते त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, दोघांनी मिळून रिकाम्या घरातून एक फेरी मारावी. कुठे ओल आहे, कुठली फरशी तडकली आहे, कुठला नळ गळतो, भिंतीवर आधीचे किती खिळे आहेत, हे एका कागदावर लिहावे आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. हल्ली फोटो काढणे सोपे आहे, तेही तारखेसह काढून एकमेकांना पाठवावेत. घर सोडताना तोच कागद हातात घेऊन तीच फेरी पुन्हा मारावी. मधल्या काळात मालक आला तर त्याने त्या कागदापुरते पाहावे, आणि भाडेकरूनेही गळक्या नळाची तक्रार त्या दिवसाची वाट न पाहता लेखी कळवावी. नऊ घरांपैकी ज्या घरांत आम्ही असा कागद केला तिथून निघताना मालकाशी वाद झाला नाही. एका ठिकाणी तर मालकच कागद वाचून म्हणाले, “साहेब, ही फरशी आमच्याच वेळी तडकली होती, मी विसरलो होतो.” कागद माणसाला खोटे पाडतो असे नाही, पुष्कळदा तो माणसाच्या स्मरणशक्तीला हात देतो.

आता निवृत्तीनंतर आम्ही आमच्या स्वतःच्या सदनिकेत राहतो. दोन वर्षांपूर्वी एका खोलीचा रंग काढताना रंगाऱ्याने विचारले, “काका, हे खिळे काढू का?” मोजले तर अकरा होते. पत्नीने चार ठेवायला सांगितले. कुणी येऊन विचारणार नाही म्हणून ते ठेवले असे नव्हे. त्या चारांना काही ना काही अडकवलेले होते.

तेव्हा मालक येणार असा निरोप आला तर घर झाडून घ्यावे, ओटा पुसावा, नळ गळत असेल तर तो दाखवावा, चहाचे आधण ठेवावे. आलेला माणूस आपल्या मिळकतीची काळजी घेऊन आला आहे आणि ती काळजी खरी आहे, हे ध्यानात ठेवावे. पण भिंतीवरची तसबीर उतरवू नये. शेगडीवर मासळी असेल तर ती शिजू द्यावी. पोराची पेन्सिलीची आगगाडी पुसायची तर घर सोडताना पुसावी, मालकाच्या एका भेटीसाठी नव्हे. भाडे आपण भरतो ते त्या घरात राहण्याचे भरतो; आणि माणूस राहिला की भिंतीला ते कळतेच. कायद्याला हे १८८२ मध्ये कळले होते.